‘चालू झालं ना?’ विचारणाऱ्यांसाठी

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे माझा सोमवार शुक्रवारी उजाडतो. दिवसभर बंद असलेली मशीनं, पीसी, गेटवरचं हजेरीचं यंत्र सगळं एकदम चालू होतं आणि पहिली शिफ्ट आत शिरते न शिरते तोच फोन येतो, “मॅडम, सर्व्हर डाऊन आहे.” कुठला सर्व्हर, कुणाला दिसत नाही, काय करताना अडलं, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. बहुतेक वेळा सर्व्हर ठणठणीत असतो. कुणीतरी त्याच्यापर्यंत पोचत नसतं, किंवा पोचलेल्याला तो ओळख देत नसतो.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या दोन-तीन मध्यम कंपन्यांचं नेटवर्क मी बरीच वर्षं सांभाळते आहे. डिरेक्टरी सर्व्हर नावाचा जो प्रकार आहे तो कंपनीतल्या माणसालाही बंद पडेपर्यंत माहीत नसतो. कंपनीत कोण कोण आहे, कुणाला कुठलं फोल्डर उघडायची मुभा, कुठला पीसी आपला आणि कुठला उपरा, याची नोंद तिथे असते आणि पासवर्डची पडताळणीही तिथेच होते. तलाठ्याचं दप्तर समजा. लॉगिन, वायफाय, मेल, ड्रॉइंगचं फोल्डर, कॅन्टीनचं कूपन, सगळे आधी तिथे जाऊन विचारतात, हा माणूस कोण?

ही चौकशी करायची एक ठरलेली रीत आहे, तिला एलडॅप म्हणतात. १९९३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ती आकाराला आली. त्याआधीची १९८८ ची एक्स ५०० नावाची पद्धत साध्या पीसीला झेपणारी नव्हती, म्हणून ही हलकी आवृत्ती काढली. २००० साली मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली आणि तेव्हापासून आमच्या एमआयडीसीत सगळे तिला ‘एडी’ म्हणतात. रीत तीस वर्षांहून जुनी आहे, म्हणून ती कुठे कुठे अडते हे आता कुणालाही शोधून काढता येतं. तरी शोधायला कुणी तयार नसतं, आणि माझी तक्रार तीच आहे.

जोडणी तुटली की तीन उपाय ठरलेले. फायरवॉल बंद करून बघा. सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, तपासायच्या चौकोनातली टिक काढा. आणि ते चाललं नाही तर डोमेन ॲडमिनचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड टाकून बघा. वाईट याचं वाटतं की यातला एखादा उपाय हमखास लागू पडतो. दिवा हिरवा होतो, प्रॉडक्शन मॅनेजर विचारतात, “चालू झालं ना?”, आपण हो म्हणतो आणि फाइल बंद. का बंद पडलं होतं हे कुणीही विचारत नाही. उघडलेलं दार तसंच राहतं. पुढच्या वर्षी दुसरं उघडतं.

शोधायचं म्हणजे काय करायचं? पहिला प्रश्न नावाचा. पीसीला सर्व्हरचं नाव माहीत असतं, पत्ता नसतो. पत्ता तो कंपनीच्या डीएनएसला विचारतो. परचेसमध्ये एकदा नेट हळू चालतंय म्हणून कुणा हुशार भाच्याने पीसीत डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाकून दिलं. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस, जगातल्या वेबसाइटचे पत्ते त्याला मिळतात. भोसरीतल्या एका कंपनीच्या आतल्या सर्व्हरचं नाव त्याला कुठून मिळणार? नेट चालत होतं, यूट्यूब चालत होतं, म्हणून सगळ्यांनी दोष सर्व्हरला दिला. एनएसलुकअप ही आज्ञा देऊन पत्ता येतो का बघितलं की एका मिनिटात उलगडा होतो. पण त्या मिनिटाआधी सर्व्हर दोनदा रीस्टार्ट करून झालेला होता, म्हणजे ज्या शंभर जणांचं बरं चाललं होतं त्यांचंही बंद पाडून.

पिंगवर मात्र माझा राग आहे. “पिंग जातोय मॅडम” हे वाक्य मी इतकं ऐकलं आहे! पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन जिवंत आहे, एवढंच. आतली सेवा चालू आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. उलट पिंगला उत्तर द्यायचं नाही असं बऱ्याच ठिकाणी मुद्दाम ठरवलेलं असतं आणि सेवा सुरळीत असते. बघायचं ते दार बघा. साधी एलडॅप ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, कुलूपबंद एलडॅप ६३६ वर. टेलनेट करून तो पोर्ट उघडतो का पाहिलं की रस्त्यात फायरवॉल आडवी आहे का ते समजतं, आणि मग तेवढा एक पोर्ट तेवढ्या एका मशीनसाठी उघडता येतो. अख्खी फायरवॉल खाली घेण्याचं कारण उरत नाही.

सर्टिफिकेटची गंमत तर शुक्रवारच्या सकाळीच बघायला मिळते. गेटवरच्या हजेरीच्या पीसीत, मदरबोर्डवर, नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळेल. तो संपला की मशीनची वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, थेट पाच-दहा वर्षं. शुक्रवारी मशीन उठतं ते जुन्या साली. सर्व्हर त्याला आपलं सर्टिफिकेट दाखवतो, त्यावर गेल्या वर्षीची तारीख, आणि मशीनच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नसतं. ते जोडणी नाकारतं, आणि बरोबरच करतं. यावर आमच्याकडचा उपाय काय होता, तर सर्टिफिकेट तपासूच नकोस असं मशीनला सांगायचं. म्हणजे एक सेल बदलायचा नाही म्हणून गेटवरून जाणारा प्रत्येक पासवर्ड कुणाच्याही हाती पडेल अशी सोय करायची.

घड्याळाचं महत्त्व इथेच संपत नाही. विंडोजच्या जगात ओळख पटवण्याचं काम कर्बेरॉस करतो. एमआयटीत जन्मलेली ही पद्धत सहसा पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते, त्यापलीकडे ऐकत नाही. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत आणि लॉग १८० दिवस जपावेत असं स्पष्ट म्हटलं आहे. किती कारखान्यांच्या मालकांनी ते वाचलं असेल ते मला विचारू नका. आयएसओच्या ऑडिटला मात्र आमच्याकडे भिंतीवरच्या घड्याळाचं कॅलिब्रेशन विचारतात.

आता खरा मुद्दा. दार उघडलं, सर्टिफिकेट पटलं, तरी सर्व्हर म्हणतो, ४९. हा नकाराचा क्रमांक. पडद्यावर दिसतं ‘इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स’, आणि सगळे म्हणतात पासवर्ड चुकला, रीसेट करा. पण त्याच ओळीच्या शेवटी ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणखी एक बारीक आकडा देते. ५२ई असेल तर पासवर्ड चुकला. ५२५ असेल तर त्या नावाचा माणूसच नाही. ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद केलेलं, ७७५ म्हणजे खातं लॉक झालेलं. सर्व्हर इतकं सरळ सांगतो आणि तरी ती ओळ शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा करणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत, चांगल्या पगाराचे.

स्टोअरमधल्या काकांचं खातं सारखं लॉक व्हायचं. ७७५. काका बिचारे निवृत्तीला आलेले, सगळ्यांनी धरून चालायचं की यांना टाइप करता येत नाही. मग फोन, अनलॉक, परत फोन. शेवटी कुणीतरी शक्कल काढली की लॉक होण्याचा नियमच सगळ्या कंपनीसाठी काढून टाकू. डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे डिरेक्टरी सर्व्हरच्या, नोंदीत ४७४० क्रमांकाची एक घटना असते, तीत चुकीचे प्रयत्न कुठल्या मशीनवरून आले ते लिहिलेलं असतं. तिथे मेल सर्व्हरचं नाव निघालं. मेल सर्व्हरचा लॉग उघडला तर एक जुना मोबाइल. गोडाउनमध्ये बारकोडचे फोटो काढायला ठेवलेला, चार्जरला कायम लटकलेला, आणि त्यात काकांचं मेल जुन्या पासवर्डने सेट केलेलं. तो इमानेइतबारे दर थोड्या वेळाने दार ठोठावत होता. काकांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, “पोरी, मला वाटलं माझीच बोटं थरथरायला लागली.” त्यांच्यावर इतके दिवस हसणाऱ्यांपैकी कुणी येऊन काही बोललं नाही, ते जाऊ दे.

पण ५३३ चा किस्सा यापेक्षा गंभीर आहे आणि असा किस्सा जवळपास प्रत्येक कंपनीत दडलेला असतो असं माझं मत आहे. एचआरला नव्या मॅडम आल्या, शिस्तीच्या. त्यांनी सोडून गेलेल्या लोकांची यादी दिली आणि सगळ्यांची खाती बंद करायला सांगितली. ती बंद झाली आणि त्याच दुपारी हजेरी, कॅन्टीनची कूपनं आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर तिन्ही ठप्प. लॉगमध्ये ५३३. ही तिन्ही सॉफ्टवेअरं डिरेक्टरीत वाचायला जाताना कधीच नोकरी सोडून गेलेल्या एका इंजिनिअरच्या खात्याने जात होती. ज्याने बसवलं त्याने स्वतःचाच नाव-पासवर्ड टाकून दिला होता. ते खातं डोमेन ॲडमिन, म्हणजे सगळ्या किल्ल्यांचं. आणि पासवर्ड कॅन्टीनच्या पीसीवरच्या एका साध्या फाइलमध्ये, नोटपॅडमध्ये उघडली की वाचता येईल असा.

वरून एकच आदेश आला, खातं परत चालू करा. मी म्हटलं, करते, आजच्या शिफ्टपुरतं, आणि तसं मेलवर लिहून द्या. लिहून द्यायचं म्हटल्यावर सगळ्यांचा सूर बदलला. संध्याकाळपर्यंत तिन्हींसाठी वेगळी खाती काढली, फक्त वाचण्यापुरता अधिकार असलेली. सॉफ्टवेअरवाल्याचा फोन आला, “मॅडम, डोमेन ॲडमिन द्या, नाहीतर आमचं चालणार नाही.” चाललं. या मंडळींना डोमेन ॲडमिन हवं असतं ते सॉफ्टवेअरला गरज असते म्हणून नव्हे. नेमका कुठला अधिकार लागतो ते शोधायला त्यांचा एक दिवस जातो म्हणून. तो दिवस ते आपला वाचवतात आणि आपल्या किल्ल्या घेऊन जातात.

याच जातीचा आणखी एक प्रकार सांगते, कारण तो फारसा कुणाला माहीत नसतो. एलडॅपमध्ये नाव दिलं आणि पासवर्ड रिकामा ठेवला, तर बरेच सर्व्हर चूक झाली असं न म्हणता ती निनावी भेट समजतात आणि ‘ठीक’ असं उत्तर देतात. नियमांच्या २००६ सालच्या दस्तऐवजात याचा इशारा छापलेला आहे. रिकामा पासवर्ड आपल्या पातळीवरच अडवायचा ही जबाबदारी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची. व्हिजिटर पासच्या एका सॉफ्टवेअरच्या डेमोला मी एमडी साहेबांचं नाव टाकलं, पासवर्डचा रकाना रिकामा ठेवला आणि एंटर दाबलं. उघडलं! डेमो द्यायला आलेला मुलगा म्हणाला, “बघा मॅडम, कनेक्टिव्हिटी एकदम ओके.”

मला प्रॉडक्शनवाल्यांची बाजू कळत नाही असं नाही. माल वेळेवर गेला नाही तर गिऱ्हाइकाची लाइन थांबते, डेबिट नोट येते, आणि ती आयटी विभागाच्या खात्यावर पडत नाही. शिफ्ट अडलेली असताना मी सर्टिफिकेटचं शास्त्र सांगत बसणार नाही. तात्पुरतं दार उघडावं लागतं, उघडा. माझी अट एवढीच की उघडतानाच ते बंद करायची तारीख लिहा आणि खाली कुणाची तरी सही असू द्या. माझ्याकडे त्यासाठी साधी लाल रंगाची लॉगबुक आहे, दुकानात मिळते तशी. कुणी सॉफ्टवेअर घ्या म्हणालं होतं. सॉफ्टवेअरचं लॉगिन डिरेक्टरीतूनच होणार असेल तर डिरेक्टरी बंद असताना ते उघडायचं कसं?

हे सगळं छोट्या कंपन्यांचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर मर्स्कचं उदाहरण घ्या. २७ जून २०१७ रोजी या जहाज कंपनीवर नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम आदळला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आला होता. त्याने जगभरातले पीसी निकामी केलेच, पण कंपनीचे डोमेन कंट्रोलरही पुसून टाकले. ‘वायर्ड’ मासिकाने २०१८ मध्ये छापलेल्या हकिकतीनुसार ते दीडशेच्या आसपास होते आणि एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून स्वतंत्र बॅकअपची कुणाला गरज वाटली नव्हती. सगळे एकाच वेळी जातील हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एकच वाचला, आफ्रिकेत घानामध्ये. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! त्याची प्रत नेटवरून पाठवायची तर लाइन हळू, माणसाला विमानाने पाठवायचं तर घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी नायजेरियात हातोहात देऊन ती डिस्क इंग्लंडला पोचवली. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीत मर्स्क गटाकडून चालवलं जाणारं टर्मिनलही त्या हल्ल्यात अडकलं होतं. नंतर कंपनीच्या अध्यक्षांनी दावोसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत ४५ हजार पीसी आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

त्याच हकिकतीतली एक ओळ मात्र मला विजेपेक्षा महत्त्वाची वाटते. सुरक्षा सुधारण्याची योजना मर्स्कमध्ये आधीच मंजूर होती, पैसेही ठेवलेले होते. ती पार पडली तर वरिष्ठांच्या बोनसमध्ये काही भर पडणार नव्हती, म्हणून ती मागे पडत गेली. आमच्या लेव्हलला बोनस नसतो, दिवाळीचं पाकीट असतं, पण हिशेब तोच. दार उघडून पाच मिनिटांत दिवा हिरवा करणारा मुलगा ‘स्मार्ट’, आणि दोन तास लॉग वाचून कारण काढणारी बाई ‘स्लो’. मॅनेजमेंट मीटिंगच्या तक्त्यात किती वेळ बंद होतं याचा रकाना असतो. का बंद होतं याचा रकाना मी मागते आहे, आणि एका कंपनीत तो मिळालाही. त्या रकान्यात पहिल्याच महिन्यात तीनदा ‘गेटच्या पीसीचा सेल’ आल्यावर परचेसने सेल आणून दिला. त्याआधी त्याचा इंडेंट लेखी कारण नाही म्हणून परत आला होता.

मालकांनी एलडॅप शिकावं असं मी म्हणत नाही. त्यांनी आपल्या आयटीवाल्याला बोलावून विचारावं की कुठलं सॉफ्टवेअर डिरेक्टरीशी कुणाच्या खात्याने बोलतं, त्याची यादी आहे का. नसते. मग विचारावं की सर्टिफिकेट कुठल्या तारखेला संपतंय. आणि दोन डोमेन कंट्रोलर आहेत म्हणून बॅकअप आहे असं उत्तर आलं, तर त्याला घानाची गोष्ट सांगावी.

सध्या एका कंपनीत माझं नवंच भांडण सुरू आहे. तिथे विंडोज सर्व्हर २०२५ वर नवं डोमेन उभारलं. नव्या डोमेनमध्ये मायक्रोसॉफ्टने आता एलडॅपची जोडणी सही-शिक्क्याची किंवा कुलूपबंदच हवी असं मुळातच लावून ठेवलं आहे, आणि मला ते पसंत आहे. डिस्पॅचमधलं जुनं स्कॅनर-प्रिंटर मशीन मेलचे पत्ते ३८९ वरून उघड्यावर विचारायला जातं आणि सर्व्हर त्याला ८ क्रमांकाचं उत्तर देतो, नीट ओळख घेऊन या. मशीनवाल्याचा इंजिनिअर म्हणतो, सर्व्हरवरची ती पॉलिसी बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणते, तुमच्या मशीनचं फर्मवेअर अपडेट करा आणि ६३६ वर या. तो म्हणाला, मग ते एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, बसत नाही. पॉलिसी बंद करा आणि त्याची जबाबदारी आमची, एवढं लेटरहेडवर लिहून द्या, असं मी कळवलं आहे. पत्र आलेलं नाही. तोवर डिस्पॅचची मुलं पत्ते हाताने टाइप करताहेत आणि माझ्या नावाने बोटं मोडताहेत.